ट्रॅकच्या आधी मैदान राखणारा माणूस द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या क्रीडा सुविधांबद्दल आपल्या पानांवर अधूनमधून बातम्या येतात. कुठे सिंथेटिक ट्रॅकची मागणी, कुठे इनडोअर हॉलचा प्रस्ताव, कुठे नव्या जिमचं उद्घाटन. हे सगळं व्हायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण या बातम्यांत एक गोष्ट मला कधी दिसत नाही, म्हणून हे पत्र.

मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात मैदान सेवक होतो. मुलं मला मामा म्हणायची. पाणी मारणं, रोलर फिरवणं, गवत काढणं, लांब उडीचा खड्डा खणणं, फक्कीनं (रेघा मारायच्या पांढऱ्या पुडीनं) मैदान आखणं, यातच माझी नोकरी झाली. त्या अनुभवावरून माझं म्हणणं असं आहे: कुठल्याही मैदानाला किंवा ट्रॅकला मंजुरी देताना ते राखणारा माणूस, पाण्याची लाइन आणि दरवर्षीच्या देखभालीचा खर्च त्याच कागदावर मंजूर करा. आणि आज जी मातीची मैदानं आहेत, त्यांना हे आधी द्या.

मैदान राखणं म्हणजे झाडलोट, असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. आपल्याकडची जमीन पाहा. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि पायाला चिकटते. अशा मातीवर थेट धावायचा ट्रॅक होतच नाही. वरचा काळा थर काढावा लागतो, मुरूम भरावा लागतो, थराथरानं पाणी देऊन दाबावा लागतो आणि त्यावर बारीक मुरूम किंवा लाल माती पसरावी लागते. हे एकदा केलं की संपत नाही. दर पावसाळ्यानंतर मैदान कुठे ना कुठे बसतं, पाणी साचतं, कडेचा मुरूम वाहून जातो. आणि रोलर कधीही फिरवून चालत नाही. माती ओली असली तर ती रोलरला चिकटून वर येते, पार वाळली असली तर दबत नाही. शेतकरी जसा वाफसा, म्हणजे माती ना ओली ना कोरडी अशी वेळ, पाहतो तसा इथेही पाहावा लागतो. आदल्या संध्याकाळी पाणी, दुसऱ्या दिवशी वाफसा आला की रोलर. भर दुपारी टँकर ओतून संध्याकाळी स्पर्धा घेणारी मंडळी मी पाहिली आहेत. वरचा थर चिखल आणि खाली दगडासारखी जमीन. त्यावर मुलांचे घोटे मुरगळतात.

आखणीचंही तसंच. चारशे मीटरचा प्रमाणित ट्रॅक म्हणजे ८४.३९ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळं. आतल्या कठड्यापर्यंतची त्रिज्या ३६.५० मीटर. पण अंतर कठड्यावर मोजत नाहीत, कारण कुणी कठड्यावरून धावत नाही. ते कठड्यापासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात. कठडा नसेल, नुसती फक्कीची रेघ असेल, तर २० सेंटिमीटर. प्रत्येक लेन १.२२ मीटर. पूर्ण फेरी आपापल्या लेनमधून धावायची असेल तर दुसऱ्या लेनच्या धावपटूला ७.०४ मीटर पुढे उभं करायचं, आणि त्यापुढच्या प्रत्येक लेनला आणखी ७.६७ मीटर. हे आकडे मला आजही तोंडपाठ आहेत, कारण यात गफलत झाली की नुकसान मुलांचं होतं. अर्धवर्तुळाची त्रिज्या नुसती १० सेंटिमीटरनं चुकली तर फेरीत ६३ सेंटिमीटरचा फरक पडतो. पन्नास सेकंदांत चारशे मीटर धावणाऱ्या मुलाच्या हिशेबात हे सेकंदाचे जवळजवळ आठ शतांश झाले. तेवढ्यावर निवड होते आणि तेवढ्यावरच राहते. मध्यबिंदूची खुंटी हलली, दोरी ताणली, टेपला झोळ पडला, की ही चूक होते. म्हणून मध्यबिंदूला पक्की लोखंडी खूण पुरून ठेवावी आणि दोरीऐवजी स्टीलची टेप वापरावी. फक्कीच्या जागी कळीचा चुना तर कधीच वापरू नये. धावताना तो उडतो, डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते, पडलेल्या मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याला भाजतं. स्वस्त मिळतो म्हणून आजही काही ठिकाणी तो आणला जातो. क्रीडा विभागानं यावर लेखी मनाई करावी.

आता सिंथेटिक ट्रॅकबद्दल. तो यावा अशी माझीही इच्छा आहे. इंटरझोनलच्या (विद्यापीठाच्या विभागांमधल्या स्पर्धेच्या) पुढे गेलेली आमची मुलं दुसऱ्या विद्यापीठाच्या सिंथेटिक ट्रॅकवर जातात, तेव्हा स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) कसे लागतात, वळणावर पाय कसा धरतो, हे त्यांना तिथे गेल्यावर कळतं. हे दुःख मी जवळून पाहिलं आहे. पण आठ लेनचा ट्रॅक म्हणजे साधारण १७७ मीटर लांब आणि ९२ मीटर रुंद जागा, चार एकरांहून थोडी जास्तच. त्याचा आडवा उतार आतल्या बाजूला शंभराला एकपेक्षा जास्त नको, धावण्याच्या दिशेनं हजाराला एकपेक्षा जास्त नको. वरचं रबराचं आवरण साधारण १३ मिलिमीटर. एवढ्या पातळ थराचं भवितव्य खालच्या पायावर ठरतं. खाली आपली काळी माती तशीच राहिली आणि पाण्याचा निचरा नीट झाला नाही, तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत फुगवटे येतात, सांधे उकलतात. शिवाय तो धुवावा लागतो, धूळ आणि शेवाळ काढावं लागतं, रेघा पुन्हा रंगवाव्या लागतात, आणि साधारण दहा वर्षांनी वरचा थर नव्यानं करावा लागतो. हा खर्च प्रस्तावात कुणी लिहीत नाही. ट्रॅकच्या कोनशिलेवर कंत्राटदाराचं आणि पाहुण्यांचं नाव असतं, पण तो धुणाऱ्या माणसाचं पद मंजूर झालेलं नसतं.

सांगलीत आणखी एक गोष्ट आहे ती पुराची. २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर आपण पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. त्या पुरात नदीच्या अंगाला असलेल्या मैदानांवर पाणी उतरल्यावर गाळाचा थर राहिला. हा गाळ ओला आहे तोवर फावड्यानं ओढून काढता येतो. आठवडाभर राहिला आणि ऊन पडलं की त्याची खापरी होते, मग ती फोडताना खालचा मुरूमही निघून येतो. एका मैदानावर मी आणि कबड्डीची मुलं मिळून गाळ काढत होतो. घरात पाणी शिरलेली मुलंही त्यात होती. त्यांनी आधी आपलं घर धुतलं आणि मग मैदानावर आली. अशा शहरात ट्रॅकची जागा ठरवताना पूररेषेचा नकाशा समोर ठेवायलाच हवा. नदीकाठी मोकळी जागा मिळाली म्हणून तिथे कोट्यवधींचा ट्रॅक टाकला, तर त्याचं काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तिथे मातीचंच मैदान ठेवावं. पुरानंतर ते पुन्हा उभं करता येतं.

आता मला सगळ्यांत जास्त बोचणाऱ्या गोष्टीकडे येतो. ती आहे मुलींची सोय. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या बाजूंहून मुली पहाटेच्या एसटीनं येतात. सकाळी सराव, मग कॉलेज, मग परतीची एसटी. सराव झाल्यावर घामेजलेले कपडे बदलायला त्यांना जागा नसते. आमच्या मैदानावर स्वच्छतागृह होतं, पण त्याला कुलूप असायचं आणि किल्ली ऑफिसात, ऑफिस उघडणार साडेदहाला. मुली सकाळी पाणी पीत नसत. का पीत नाही असं एकीला विचारलं तेव्हा ती नुसती खाली बघत राहिली, आणि मला कळलं. उन्हात धावणारी पोरगी पाणी न पिता धावते, कारण नंतर जायला जागा नाही! पुढे मी किल्लीची मागणी केली, ती मिळायला बराच काळ गेला. मिळाल्यावर रोज सकाळी मैदानाआधी ते दार उघडायचो. किल्ली सकाळी मैदानावरच्या माणसाकडे असणं, एवढाच हा विषय आहे. त्याला निधी लागत नाही. पण सकाळी मैदानावर माणूसच नसेल तर किल्ली कुणाकडे देणार?

आणि माणूस खरंच राहिलेला नाही. मी निवृत्त झालो, ती जागा भरली गेली नाही. दुसऱ्या कॉलेजांतल्या माझ्या सोबत्यांचंही तेच सांगणं आहे. काम शिपायावर टाकतात किंवा स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात रोजंदारीवर माणसं आणतात. ती माणसं कष्टाळू असतात, त्यांचा दोष नाही. पण मैदान कुठे बसतं, पाणी कुठून शिरतं, लांब उडीच्या खड्ड्यात वाळू कधी चाळायची, हे आठवड्यात समजत नाही. वाळूचंच सांगतो. खड्ड्यातली वाळू रोज खणून मोकळी करावी लागते. एक पावसाळा तशीच राहिली तर ती बसून घट्ट होते, आणि मुलगा वेगानं येऊन तिच्यावर पडला तर पाठीला दणका बसतो. रात्री कुत्री-मांजरं तिथे घाण करतात, कधी काचाही सापडतात. म्हणून रात्री खड्ड्यावर ताडपत्री, सकाळी खोरं. कुणी तरी रोज केलं तरच हे होतं.

मैदान भाड्यानं किंवा मोफत इतर कार्यक्रमांना देण्याचाही विचार व्हावा. सभा, प्रदर्शनं, लग्नाचे मांडव यांना शहरात मोकळी जागा कमी आहे, हे मला समजतं. पण मांडवाचे खांब काढल्यावर खड्डे तसेच राहतात. पावसानंतर ट्रक आत आला की चाकाच्या चाकोऱ्या पडतात, त्या वाळून कडक होतात. अशाच एका खड्ड्यात आठशे मीटर धावणाऱ्या मुलीचा घोटा गेला. तिची त्या वर्षीची झोनल (विभागीय) स्पर्धा हुकली. खड्डे बुजवायचे कुणी, हे त्या वेळी कुणीच ठरवलं नव्हतं. निदान स्पर्धांच्या हंगामात मैदान कुणालाही देऊ नये. बाकी काळात द्यायचंच असेल तर ट्रॅकचा भाग सोडून द्यावं, आणि पूर्ववत करून घेतल्याशिवाय अनामत परत करू नये.

सकाळी फिरायला येणाऱ्यांना मात्र बंदी करू नये. पोलीस भरतीची मुलं तर याच मैदानांवर घडतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळा. यांतली कित्येक गरीब घरांतली असतात, त्यांच्यासाठी ही धाव म्हणजे घराचं पोट आहे. त्यांना हाकलून मैदान राखणं मला कधीच पटलं नाही. फिरणाऱ्यांना बाहेरच्या कडेनं मुरमाची वेगळी वाट द्या, भरतीच्या मुलांना बाहेरच्या लेन द्या, आतल्या दोन लेन सराव करणाऱ्या खेळाडूंना ठेवा. नीट सांगितलं की लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे. हिवाळ्यात साडेपाचला अंधार असतो, तेव्हा वळणांवर दोन-चार दिवे लागले तरी पुरे.

आपल्या भागात गुण नाही असं कुणी म्हणणार नाही. सांगलीचा संकेत सरगर २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून राष्ट्रकुलचं रौप्य घेऊन आला. वडिलांची पानटपरी असलेल्या घरातला मुलगा. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य मिळवलं. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा अडथळा ओलांडायचा असतो. किती कॉलेजांच्या मुलींनी पाण्याचा तो खड्डा पाण्यानं भरलेला पाहिला असेल, हा प्रश्न मला पडतो.

गोळाफेकीचं वर्तुळ घ्या. २.१३५ मीटर व्यासाचं काँक्रीट, बाहेरच्या जमिनीपेक्षा दोन सेंटिमीटर खाली, वर खरखरीत पण फार नाही असा हात फिरवलेला, कडेला लोखंडी पट्टी, समोर लाकडी अडसर. गवंडी आणि दोन माणसं यांचं दोन दिवसांचं काम. करगणीसारख्या गावांतून येणाऱ्या मुलांसाठी तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजात असं एक वर्तुळ हवं. वेटलिफ्टिंगचा चार मीटर बाय चार मीटरचा लाकडी प्लॅटफॉर्म आणि दोन्ही बाजूंना जाड रबर, हेही कुठल्या हॉलची वाट न पाहता शेडमध्ये होतं. कबड्डीची मुलं आजही मातीवर अनवाणी सराव करतात आणि सामन्याला मॅटवर बूट घालून उतरतात. दोन-तीन कॉलेजांनी मिळून मॅटचा एक संच घेतला तरी फरक पडेल.

मातीवरून मॅटवर जाण्याची ही अडचण नवी नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा मॅटवरची कुस्ती आणि तिचे नियम त्यांना सवयीचे नव्हते. तरी ते सहावे आले. चारच वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्य पदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तिकडे जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपलं शिवाजी विद्यापीठ तेव्हा स्थापनही झालं नव्हतं, ते १९६२ मध्ये झालं. आता खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आपण राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी मैदानावर पाहुणे येतात, हार-तुरे होतात. त्याच दिवशी प्रत्येक कॉलेजानं आपल्या मैदानाची पाहणी करून काय दुरुस्त करायचं ते लिहून काढावं आणि ते कागद विद्यापीठाकडे जावेत, अशी माझी विनंती आहे.

विद्यापीठाकडे एक मागणी विशेष. आपलं विद्यापीठ कोल्हापूर, सांगली, सातारा अशा तीन जिल्ह्यांचं आहे. कोल्हापूरच्या आवारात कितीही चांगली सोय झाली तरी जतच्या मुलीला ती शंभराहून जास्त किलोमीटर दूर आहे. रोजचा सराव तिथे होऊ शकत नाही. म्हणून तालुक्यातलं एक-एक मैदान विद्यापीठानं आपलं सराव केंद्र म्हणून मानावं. त्या मैदानावरच्या सेवकाचा पगार, पाणी आणि मुरमाचा खर्च यात वाटा उचलावा, आणि क्रीडा विभागाच्या लोकांनी वर्षातून दोनदा येऊन टेपनं मोजणी करावी. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी जिमखान्याची आणि क्रीडेची फी भरतो. त्यातून मैदानावर किती खर्च झाला, हे कॉलेजच्या सूचना फलकावर दरवर्षी लागावं. मुलांचे पैसे आहेत, मुलांना कळायला हवं.

पत्र लांबलं, पण हे सांगणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. माझ्याकडे आखणीची एक वही आहे. ट्रॅक, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, भालाफेकीचा कोन, सगळी मापं आकृत्यांसह त्यात आहेत. स्पर्धांचा हंगाम सुरू होण्याआधी ज्या महाविद्यालयाला हवं असेल तिथे येऊन मी आखणी शिकवायला तयार आहे. मानधन नको. स्टीलची टेप, खुंट्या, दोन पोती फक्की आणि शिकायची इच्छा असलेली चार-पाच मुलं-मुली तयार ठेवा. आणि आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारून ठेवा, म्हणजे सकाळी रोलर फिरवता येईल.

आपला,
एक सेवानिवृत्त मैदान सेवक, सांगली